पोटातल्या पायावरची काळी रेघ

श्रावण लागला की नाशकात गोगलगायी भिंती चढायला लागतात. गंगापूर रोडच्या जुन्या सोसायट्यांमधून त्या जिन्याच्या कठड्यावर दिसतात, मोरीच्या जाळीपाशी दिसतात, तुळशीच्या कुंडीखाली तर हमखास. मग कुणीतरी मिठाची बरणी घेऊन निघतं आणि कुणीतरी व्हॉट्सॲपवर ‘कृपया जिन्यात मीठ टाकू नये, फरशीला डाग पडतात’ असा संदेश टाकतं. गोगलगायीचं काय होतं याची चर्चा होत नाही, फरशीची होते. अशाच एका ग्रुपवर मिठाचा वाद रंगात आलेला असताना मध्येच एक फोटो येऊन पडला. सातव्या मजल्यावरच्या काकूंची भाची मे महिन्यात अंदमानला गेली होती, स्वराज द्वीपला, म्हणजे अजूनही सगळे ज्याला हॅवलॉक म्हणतात तिथे. पाण्याखाली काढलेला फोटो. काळ्या मखमलीवर राखाडी-निळ्या उंचवट्यांच्या लांबच लांब रांगा, आणि प्रत्येक उंचवट्याच्या टोकावर हळदीत बुडवून काढल्यासारखा पिवळा ठिपका. काकूंनी खाली लिहिलं होतं, ‘ही बघा आपल्या गोगलगायीची श्रीमंत मावसबहीण. हिला मीठ चालतं.’

उत्तरं धडाधड आली. पाण्यातला सुरवंट. समुद्रकाकडी. चावतं का? खातात का? (हा प्रश्न येतोच.) मिनिटभरात अकरावीतल्या एका मुलानं ॲपला फोटो दाखवून नाव टाकलं, फिलिडिया वॅरिकोसा. त्यावर बारा अंगठे उठले आणि ग्रुप पुन्हा फरशीकडे वळला.

खटकलं ते इथे. नाव चुकीचं होतं म्हणून नव्हे, बरोबर असण्याचीच शक्यता जास्त होती. खटकलं ते एवढ्यासाठी की त्या फोटोत त्या नावाचा पुरावाच नव्हता. फोटो अगदी डोक्यावरून काढलेला, झगझगीत, कॅलेंडरवर छापावा असा. आणि या घराण्यात वॅरिकोसाला तिच्या निळ्या-पिवळ्या बहिणीपासून, फिलिडिया सेलेस्टिसपासून, वेगळं काढायची सगळ्यात भरवशाची खूण पाठीवर नसते, पोटाखाली असते. वॅरिकोसाच्या तळव्यावर मधोमध एक काळी रेघ जाते. सेलेस्टिसचा तळवा कोरा असतो.

‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण आपण साळसूद दिसणाऱ्या आतल्या गाठीच्या माणसांसाठी वापरतो. पण ज्या कुण्या बाईनं किंवा बुवानं ती पहिल्यांदा उच्चारली, त्यानं गोगलगाय नीट पाहिलेली होती. युरोपातल्या शास्त्रज्ञांनी या सगळ्या वर्गाला नाव दिलं ते गॅस्ट्रोपोडा. ग्रीकमध्ये गॅस्टर म्हणजे पोट, पोड म्हणजे पाय. म्हणजे आपली म्हण आणि त्यांचं वर्गीकरण दोन्ही एकाच निरीक्षणावर उभी आहेत. आपण त्यातून स्वभावाचं वर्णन काढलं, त्यांनी शंख, कवड्या, गोगलगायी आणि समुद्रातल्या या नागड्या मंडळींचं एक मोठं कुटुंब बांधलं. नागड्या हा शब्द माझा नाही, न्यूडिब्रँक या नावाचा अर्थच उघड्या कल्ल्यांची असा आहे. आजवर यांच्या तीन हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्यात. लहानपणी, अळी अवस्थेत, यांनाही इवलासा शंख असतो. मोठं होताना तो टाकून देतात. घर टाकलं की संरक्षणाची दुसरी सोय हवी, ती बहुतेकींनी विषात शोधली आणि विषाची जाहिरात रंगात.

हा रंगच माणसाला फसवतो. रंग दिसला की आपल्याला वाटतं, ओळख पटली. पण ज्या प्राण्याच्या अंगावर तो आहे त्याला तो दिसतही नाही. यांचे डोळे म्हणजे कातडीखाली रुतलेले दोन काळे टिंब, उजेड-अंधार एवढंच कळणारे. एकमेकांना शोधायचं ते वासावर आणि दुसरीच्या चिकट मागावर. सगळी नटवानटवी माशांसाठी, ‘मला तोंड लावू नकोस’ हे सांगायला. आणि एकदा अमुक रंगाला मासे घाबरतात हे ठरलं की दुसऱ्या जातीही तोच वेश उचलतात. क्रोमोडोरिस या गटात हे इतकं झालंय की निळा, काळा, पांढरा, नारिंगी एवढ्या चार रंगांत डझनभर जाती वावरतात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात असं दिसलं, की यांची एकच जात वेगवेगळ्या किनाऱ्यांवर वेगवेगळी नक्षी घालते आणि एकाच किनाऱ्यावर वेगवेगळ्या जाती सारखीच नक्षी घालतात. पुस्तकातल्या चित्राशी रंग जुळला म्हणजे एवढंच कळतं, की गणवेश जुळला. आत कोण आहे ते राहिलंच.

तरीही रंग बघावा लागतो, फक्त तो येवल्यातल्या जाणत्या गिऱ्हाईकानं पैठणी बघावी तसा. ‘निळी, छान आहे’ असं म्हणून ती साडी घेत नाही. काठ बघते, काठाची रुंदी बघते, बुट्टी कुठे सुरू होते ते बघते, मग साडी उलटी करून मागचं विणकाम बघते. क्रोमोडोरिस बाहेरून आत वाचायची. अगदी कडेला पांढरी किनार आहे का, त्याच्या आत नारिंगी पट्टा किती रुंद, तो सलग की तुटक, त्यानंतर काय. मग अंग. क्रोमोडोरिस ॲनी आणि क्रोमोडोरिस एलिझाबेथिना, दोघींचं नामकरण रुडॉल्फ बर्ग या डॅनिश डॉक्टरनं एकाच वर्षी, 1877 मध्ये केलं, दोघींचा काठ नारिंगी, अंग निळं. पण ॲनीच्या निळ्यावर शाईचे बारीक शिंतोडे उडाल्यासारखे काळे कण असतात आणि एलिझाबेथिनाच्या निळ्यावर कण नसतात, काळ्या बारीक तुटक रेघा असतात. हा फरक हातभर अंतरावरून दिसत नाही. फोटो मोठा करून पाहिला तर लगेच दिसतो. दुसरी जोडी लोची आणि विलानी. दोन्हींना नारिंगी काठ नाही, दोन्ही फिकट निळ्या, दोन्हींवर काळ्या रेघा. इथे अंगाकडे बघून काही उपयोग नाही, कल्ल्यांकडे बघायचं. विलानीच्या कल्ल्यांवर आणि शिंगांवर पांढरे कण असतात, मीठ भुरभुरल्यासारखे. लोचीचे साधे, पारदर्शक.

शिंगं म्हणजे डोक्यावरचे दोन रायनोफोर. हे नाक आहे. गोगलगायीच्या शिंगांसारखी ही डोळ्यांची काठी नाही. पाण्यातला वास घेण्यासाठी त्यावर आडव्या चकत्या असतात, सुरळीच्या वडीला कापे दिले तशा. ओळखीच्या कामात शिंगं फार मोलाची, कारण ती लबाडी कमी करतात. बुंध्याचा रंग वेगळा का, टोक पांढरं का, चकत्या आहेत की गुळगुळीत, शिंग ज्या खोबणीतून वर येतं तिच्या कडेचा रंग कोणता, हे चार प्रश्न विचारले की निम्मे उमेदवार बाद होतात. फिलिडियांमध्ये तर शिंगांवरूनच पहिली वाटणी होते. फिलिडिया वॅरिकोसाची शिंगं पिवळी. तिची गुलाबी गाठींची चुलत बहीण फिलिडिएला पुस्ट्युलोसा, तिची काळी. काकूंच्या भाचीच्या फोटोत शिंगं पिवळी होती, जरा आत ओढलेली, पण पिवळी. तेवढ्यापुरता तो अकरावीतला मुलगा घरात पोचला होता. कोणत्या खोलीत, ते बाकी होतं.

पण यातही एक क्रम असतो आणि तो बहुतेक जण उलटा करतात. सगळ्यात आधी ही गोगलगाय आहे का हे विचारायचं. चपटकृमी, म्हणजे समुद्रात मोकळे जगणारे पट्टकृमींचे नातलग, फिलिडियांचा वेश हुबेहूब घेतात. ओळखायचे कसे? चपटकृमी कागदासारखा पातळ असतो, कडा झालरीसारखी हलते, आणि तो सरकतो भराभर. समोर शिंगांसारखं काही दिसलं तरी ती कडेचीच दुमड असते, चकत्यांचं शिंग नसतं. पाठीला कल्ले नसतात. समुद्रकाकडीची पोरंही यात आहेत. पिअर्सनोथुरिया ग्रेफाय नावाच्या समुद्रकाकडीची पिल्लं फिलिडियासारखी काळी-पांढरी-पिवळी असतात आणि मोठी झाली की हा वेश टाकून देतात. तेव्हा ‘समुद्रकाकडी’ हे ग्रुपवरचं उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ज्यानं दिलं त्यानं बहुधा गंमत म्हणून दिलं, पण प्रश्न बरोबर होता.

गोगलगाय आहे हे ठरलं की पाठ बघायची. पाठीच्या मागच्या टोकाला फुलासारखा कल्ल्यांचा तुरा असेल तर ती डोरिड. त्या तुऱ्याच्या मधोमध गुदद्वार असतं, हे कळल्यावर कल्ल्यांचं सौंदर्य थोडं उतरतं, पण सोय म्हणून ते विलक्षण आहे. पुढचं टोक कोणतं हे यावरून चुकत नाही. पाठभर बोटांसारखे, दुधी टोकांचे फाटे असतील तर ती एओलिड. या गटातल्या बऱ्याच जाती हायड्रॉइड (झुडपासारखे दिसणारे डंखी प्राणी) किंवा समुद्रफुलं खातात आणि त्यांच्या डंखाच्या पेशी न फोडता गिळून स्वतःच्या बोटांच्या टोकांत साठवतात. दुसऱ्याचं शस्त्र, आपल्या खिशात. म्हणून एओलिडला हात लावायचा नाही, ती कितीही मऊ दिसली तरी. शिंगं पानासारखी गुंडाळलेली आणि अंग हिरवं असेल तर ती शेवाळ शोषणारी मंडळी, न्यूडिब्रँक नव्हेच. आणि पाठीवर ना तुरा, ना बोटं, नुसत्या टणक गाठी असतील तर फिलिडिया. हिचे कल्ले पाठीवर नसतात, पाठीच्या कडेखाली, पायाच्या दोन्ही अंगांना पंख्याच्या घड्यांसारखे लपलेले असतात. म्हणजे हिचं सगळं महत्त्वाचं सामान खाली. गोगलगाय नि पोटात पाय, आणि पायाशेजारी कल्ले.

त्या फोटोत ते सामान नव्हतं.

नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावं लागणार नाही. पानावर डाग दिसला की तो पान उलटतो. वर पिवळसर तेलकट डाग आणि खाली पांढरी लव असेल तर डावणी. वर राख उडाल्यासारखी पूड असेल तर भुरी. दोन्हींची औषधं वेगळी, आणि चुकीची फवारणी झाली की पैसा आणि वेळ दोन्ही गेले. पान नुसतं वरून बघून सांगणाऱ्याला बागेत कुणी विचारत नाही. समुद्रातल्या गोगलगायीच्या बाबतीत मात्र आपण सगळेच वरून बघून सांगतो, कारण तिथे चुकलं तर कुणाचं काही जात नाही. निदान आपलं नाही.

एक अडचण खरी आहे. पान उलटता येतं, ही उलटता येत नाही. म्हणजे उलटू नये. चिमटीत धरली तर कल्ले आणि शिंगं आत जातात, अंग आक्रसतं, रंगांचे पट्टे सरकतात आणि जे बघायला उचललं तेच दिसेनासं होतं. शिवाय फिलिडिया त्रास झाला की चिकट स्राव सोडते. 1963 मध्ये जोहान्स या संशोधकांनी वॅरिकोसाच्या या स्रावाची नोंद केली, त्यानं बंदिस्त पाण्यातले मासे आणि कवचधारी प्राणी मरतात. हे विष ती स्वतः बनवत नाही, ज्या स्पंजांवर जगते त्यांच्याकडून उचलते. हौशी लोक किनाऱ्यावर बादलीत चार प्राणी एकत्र ठेवतात आणि तासाभरानं तीन मेलेले, एक निवांत, असं दृश्य असतं. तो निवांत कोण ते ओळखायला पुस्तक लागत नाही. तेव्हा खालची बाजू हवी तर वाट बघायची. दगडाची कड ओलांडताना ती स्वतःच पुढचा भाग उचलते, हवेत चाचपडते, तेव्हा बाजूनं, खालच्या अंगानं एक फोटो. नाहीतर आपण दगडावर आडवं होऊन कॅमेरा तिच्या पातळीला आणायचा, तळव्याची कड तरी दिसते.

पाण्याखालचा फोटो काढण्यात बाकीच्या चुका ठरलेल्या आहेत. पहिल्या पाच-सहा मीटरांतच पाणी लाल रंग जवळजवळ गिळून टाकतं, त्यामुळे फ्लॅश किंवा टॉर्च नसेल तर लाल काठ तपकिरी दिसतो आणि ओळख तिथेच चुकते. उलट फ्लॅश अगदी समोरून मारला तर ओल्या गाठींवर चकाकी येते आणि बारीक कण पुसले जातात. उजेड बाजूनं हवा. आकाराचं तर बोलायलाच नको. मास्कच्या काचेतून वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते, म्हणून परतलेली मंडळी ‘चांगली वीतभर होती हो’ म्हणतात तेव्हा मनातल्या मनात वजाबाकी करायची. शेजारी बोट, पट्टी, निदान हातमोज्याची शिवण असलेला एक फोटो असला तर वाद मिटतो. कल्ल्यांच्या तुऱ्याचा फोटो काढताना सावली पडू द्यायची नाही आणि पाणी ढवळायचं नाही, नाहीतर डोरिड तो तुरा क्षणात खिशात टाकते. टाकला तर दोन-तीन मिनिटं हलायचं नाही, पुन्हा फुलतो. एक फोटो दूरून, ती कशावर बसली आहे ते दिसेल असा. तो स्पंज बहुतेक वेळा तिचं जेवण असतो, आणि जेवणावरून घराणं कळतं. क्रोमोडोरिसच्या जाती आपल्या स्पंजांतून लॅट्रंक्युलिन-ए नावाचं विष साठवतात. शेजारी पिवळी-पांढरी फितीसारखी गुंडाळी असेल तर ती अंड्यांची, तिचाही फोटो घ्यायचा. आणि जागा, खोली, तारीख लिहायची. ही शेवटची गोष्ट सगळ्यात कमी लोक करतात आणि तिच्याशिवाय बाकीचं निम्म्या किमतीचं होतं. क्रोमोडोरिस क्वाड्रिकलर ही तांबड्या समुद्राकडची, हिंदी महासागराच्या पश्चिम भागातली. अंदमानच्या फोटोला तिचं नाव कुणी लावलं तर शंका यायलाच हवी.

यासाठी अंदमानलाच जायला हवं असंही नाही. नाशिकहून निघालं तर मुंबई, अलिबाग, मुरूडचे खडकाळ किनारे एका दिवसाचे. भरती-ओहोटीचा हिशेब आजीच्या पंचांगात आहे. तिथीला तिनानं गुणून चारानं भागायचं, आलेली संख्या म्हणजे भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हाच पाणी सगळ्यात लांब जातं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे मंद भरती-ओहोटीला, जाऊन काही हाती लागत नाही, फक्त पाय ओले होतात. पाणी तळाला जायच्या तासभर आधी खडकावर पोचायचं, उतरत्या पाण्याबरोबर पुढे सरकायचं, पाणी वळलं की आपणही वळायचं. दगड उचलून बघितला तर जसा होता तसाच परत ठेवायचा, कारण त्याच्या खालच्या बाजूला जे जिवंत चिकटलंय ते उन्हात टिकत नाही. (इथेही खालचीच बाजू.) मुंबईत मरीन लाइफ ऑफ मुंबई या गटानं 2017 पासून हाजी अली, गिरगाव, जुहूच्या खडकांवर लोकांना अशा फेऱ्यांना नेलं, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदाच कळलं की या काळ्या, प्लास्टिकनं भरलेल्या किनाऱ्यावर रंगीत काही राहतं.

मुंबईच्या नावाची एक गोगलगायही आहे. विंकवर्थ या अभ्यासकांनी 1946 मध्ये तिचं नाव ग्लोसोडोरिस बॉम्बेयाना ठेवलं. पुढे 2012 मध्ये रिबेका जॉन्सन आणि टेरेन्स गोस्लायनर यांनी जनुकांवरून या सगळ्या घराण्याची फेरमांडणी केली, तेव्हा आधी एकाच छताखाली राहणाऱ्या कित्येक जाती वेगवेगळ्या प्रजातींत, म्हणजे जातींच्या गटांत, गेल्या. बॉम्बेयाना गेली गोनिओब्रँकसमध्ये. हे नाव लॅटिन व्याकरणात पुल्लिंगी, मग विशेषणही त्याप्रमाणे वळलं आणि बॉम्बेयानाची बॉम्बेयानस झाली. शहराचं नाव बदलून मुंबई झालं तरी गोगलगायीत बॉम्बे राहिलं, आणि बदललं ते लिंग. जुनं पुस्तक हातात घेऊन ओळखणाऱ्याला हा घोळ नेहमीचा. पुस्तक चुकीचं नसतं, फक्त त्यातला पत्ता जुना असतो.

जुन्या पुस्तकांची आणखी एक अडचण आहे. हे प्राणी अल्कोहोलमध्ये ठेवले की रंग विरघळून जातो. दिमाखदार निळी-नारिंगी क्रोमोडोरिस काही दिवसांत बरणीतल्या लोणच्याच्या लसणीसारखी पांढुरकी होते. एकोणिसाव्या शतकातल्या बर्गसारख्या लोकांनी दूरच्या समुद्रांतून आलेल्या अशा फिक्कट बरण्यांवरून जाती वर्णन केल्या. म्हणून त्यांनी रंगापेक्षा दात मोजले. तोंडात रॅड्युला नावाची किसणीसारखी पट्टी असते, तिच्यावरच्या दातांचा आकार आणि ओळी, शिवाय जननेंद्रियांची रचना. आजही नवी जात सिद्ध करायची तर हे करावंच लागतं आणि सोबत जनुकाचा तुकडा वाचावा लागतो. गंमत अशी की फिलिडियांना ही किसणीच नसते. त्या स्पंज खरवडत नाहीत, शोषतात. म्हणजे दात मोजणाऱ्यांच्याही हाती इथे काही लागत नाही आणि गाठींचे उंचवटे, शिंगांचा रंग, तळव्याची रेघ, असल्या बाहेरच्याच खुणांना फार वजन येतं.

नाशिकला समुद्र नाही याचं नाशिककराला कधी वाईट वाटलेलं दिसत नाही. गोदावरी पुरेशी आहे. पण ही नदी त्र्यंबकेश्वराच्या ब्रह्मगिरीवर उगवते, पश्चिमेचा समुद्र तिथून साधारण ऐंशी किलोमीटरवर, आणि तरी ती पाठ फिरवून पूर्वेला सुमारे चौदाशे पासष्ट किलोमीटर चालत जाते. रामकुंडावरचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात पोचतं. तिथून किनाऱ्यानं थोडं वर गेलं की विशाखापट्टणमचं वॉल्टेअर. तिथे वॉल्टर एलियट या ब्रिटिश अधिकाऱ्यानं समुद्रगोगलगायी जमवल्या आणि आल्डर व हॅनकॉक या दोन प्राणी-अभ्यासकांनी 1864 मध्ये त्यांच्यावर निबंध छापला. त्यात एका नव्या प्रजातीचं नाव त्यांनी ठेवलं कलिंगा. कलिंगा ऑर्नाटा, नटलेली कलिंग. अशोकाच्या लढाईशिवाय कलिंग हा शब्द आपण क्वचितच ऐकतो, आणि तो एका मऊ, शंख टाकून दिलेल्या प्राण्याच्या नावात जगभर उच्चारला जातो. अलीकडे, 2024 मध्ये, त्याच उपसागराच्या किनाऱ्यावरच्या एका गोगलगायीला राष्ट्रपतींच्या नावावरून मेलॅनोक्लॅमिस द्रौपदी असं नाव मिळालं. ती नटलेली नाही, काळसर, वाळूत घुसून राहणारी. व्हॉट्सॲपवर तिचा फोटो आला असता तर बारा अंगठे उठले नसते.

काकूंना शेवटी विचारलं, बाकीचे फोटो कुठे आहेत. कॅमेरा डायव्हिंगवाल्यांचा होता, त्यांनी पेन ड्राइव्हमध्ये सगळं भरून दिलं होतं, एकशे चाळीसच्या वर. त्यातला चांगला तेवढा एक भाचीनं पाठवला होता, बाकीचे ‘हललेले, वाकडेतिकडे’ म्हणून तसेच पडून. ते वाकडेतिकडे चाळले. बासष्टावा अर्धा बुडबुड्यांचा. त्रेसष्टाव्यात गोगलगाय दगडाच्या कडेवर, पुढचा तिसरा हिस्सा हवेत उचललेला, कॅमेरा खाली झुकलेला, फोकस मागच्या स्पंजावर. कुणीही पहिल्या फटक्यात पुसून टाकावा असा फोटो. त्यात राखाडी तळवा दिसतो, आणि त्याच्या मधोमध, पुढून मागे धूसर होत जाणारी, काळी रेघ. तळव्यावर अशी रेघ फिलिडिया एलेगन्सलाही असते, पण तिचं अंग फिकट, पांढरट-गुलाबी. इथे उंचवटे निळे-राखाडी, सलग रांगांत, टोकं पिवळी. वॅरिकोसा. मुलगा बरोबर होता.

त्याला ते सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘ॲपनं तेच तर सांगितलं होतं.’ बरोबर आहे. पण त्रेसष्टावा फोटो त्यानं बराच वेळ पाहिला, मोठा केला, परत लहान केला. बाहेर पाऊस होता. त्यांच्या स्वयंपाकघराच्या बंद खिडकीवर बाहेरच्या बाजूनं एक साधी, तपकिरी, शंखवाली गोगलगाय चढत होती. काचेतून तिचा पूर्ण तळवा आतून दिसत होता, आणि त्यावरून खालून वर सरकत जाणाऱ्या बारीक बारीक लाटा, एकामागून एक. ओट्यावर मिठाची बरणी होती. त्यानं ती बाजूला सरकवली, मोबाइल काचेला टेकवला, आणि आतून फोटो काढला.